उठायचा शब्द

१

टेक्लाचं घर सोडायच्या आधी तिघी जणी घटकाभर बसल्या. लांबच्या वाटेला निघताना असं बसावंच लागतं. सामान दाराशी, कोट अंगात आणि तोंड बंद. जाणारीनं बॅगेवर बसायचं, बाकीच्यांनी मिळेल तिथं. मग बसलेल्यांत जी वयानं थोरली तिनं शब्द द्यायचा, ‘चला, देवाच्या नावानं,’ आणि सगळ्यांनी एकदम उठायचं. शब्दाआधी कुणी उठायचं नाही म्हणजे नाही.

थोरली होती आग्रिपिना. अडुसष्ट वर्षांची, काठीसारखी ताठ. किशिनावच्या शिवणकारखान्यात तिनं एकतीस वर्षं काजं केली. कोटाचं काज पाहून कुणाचा हात आहे ते ती सांगायची, आणि ते कधी चुकायचं नाही. शिवताना बोटात घालायचं लोखंडी अंगुस्तान अजून तिच्या खिशात असायचं. बोलताना बोटात घालून टेबलावर ठण्ण करून वाजवायची, म्हणजे तो विषय संपला.

टेक्ला त्याच कारखान्यात इस्त्रीला होती आणि दोकिया बाह्या जोडायला. तरुणपणी तिघींनी एका खोलीत, एका शेगडीवर दिवस काढले. आज तिघी पांगणार होत्या. टेक्ला दुपारी चारच्या बसनं इटलीला, लेकीकडे. लेकीला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली होती, आठ दिवसांची, आणि लेकीच्या अंगातला ताप उतरत नव्हता. पोरीला सांभाळायला आजीच हवी होती. दोकिया संध्याकाळच्या गाडीनं उत्तरेला, भावाच्या गावी. आग्रिपिना इथंच राहणार, टेक्लाच्या घराची किल्ली सांभाळत, शनिवारी झाडांना पाणी घालत.

घरात सगळ्या सामानावर चादरी होत्या. टेक्लानं दाराजवळच्या मोठ्या आरशावरही एक घातली होती. ती पाहून आग्रिपिना कडाडली होती, “आरसा कशाला झाकलास गं? घरात मयत झालंय का?”

“धूळ बसते बाई.”

“बसू दे धूळ. मी पुसेन.” आग्रिपिनानं चादर ओढून काढली, घडी घातली आणि कपाटात ठेवली.

आता टेक्ला बॅगेवर बसली होती आणि कोटाच्या तिसऱ्या बटणावर नखानं टक टक करत होती. मन अस्वस्थ झालं की तिचं हे चालायचं. आग्रिपिनानं अंमळ वाट पाहिली आणि शब्द दिला. तिघी उठल्या. टेक्ला शेवटी, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखी.

२

बॅगा खाली आल्या, टॅक्सी उभी राहिली, आणि टेक्लानं कपाळावर हात मारला. “पोरीची टोपी! शेगडीवर वाळत घातली होती, तिथंच राहिली.”

“मी आणते,” दोकिया म्हणाली.

“तुला दिसणार आहे का ती? तू मांजर घेऊन येशील टोपी समजून.” आग्रिपिना हसली. दोकियाचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा होता, आणि तरी तिला धड दिसायचं नाही.

टेक्ला स्वतःच वर गेली. निघालेलं माणूस परत घरात शिरलं, तर नुसतं बाहेर पडून चालत नाही. आरशात बघायचं, पुन्हा बसायचं, मग निघायचं. टेक्लाला हे सांगावं लागलं नसतं, या बाबतीत ती फार काटेकोर.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. टॅक्सीवाला घड्याळ दाखवू लागला. आग्रिपिनानं जिन्याच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं, आवाज काही नव्हता. तिच्या लक्षात आलं. बाई बसली असेल, आणि शब्द द्यायला वर आहे कोण?

मग तिनं खालूनच हाक दिली, चांगली खणखणीत: “चला, देवाच्या नावानं!”

वर स्टूल करकरलं. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. टेक्ला खाली आली, हातात पांढरी टोपी, चेहरा प्रसन्न.

“झोपलीस की काय?” दोकिया म्हणाली.

“बसले होते,” टेक्ला म्हणाली.

३

बसच्या ड्रायव्हरनं बॅगा सकाळीच ताब्यात घेतल्या आणि चारला पाच मिनिटं असताना या म्हणून सांगितलं. मधले पाच-सहा तास मोकळे. हे त्यांनी महिनाभर आधीच ठरवलं होतं. पस्तीस वर्षं या शहरात राहून तिघींनी पाहिलं काय, तर कारखान्याचं फाटक आणि ट्रॉलीबसची खिडकी. शेवटच्या दिवशी तरी पाहुण्यांसारखं हिंडायचं.

आधी त्या तळ्याकडे गेल्या. वरून खालपर्यंत दगडी पायऱ्या, दोन्ही अंगांना चेस्टनटची झाडं, पानं गळून तांबूस खच पडलेला. दोकिया एकेक पायरी मोजत होती आणि दर वेळी वीसच्या पुढं चुकत होती.

“लग्न झालं तेव्हा नवऱ्याबरोबर इथं आले होते,” ती म्हणाली. “तो म्हणाला, खाली उतरू या. मी म्हटलं, मग वर कोण चढवणार?”

“आणि उतरलात का?”

“कुठं! वरच भांडलो आणि घरी गेलो.”

आग्रिपिना मोठ्यानं हसली. हसता हसता तिची नजर टेक्लाच्या कोटावर गेली.

हिरवा लोकरीचा कोट. कारखाना बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या मालातला. त्याची काजं आग्रिपिनाच्या हातची होती. बायकांच्या कोटाला काजं उजव्या अंगाला आणि बटणं डाव्या. उजवी बाजू डावीवर येते. पुरुषांच्या कोटाला उलटं. कुणाला हे माहीत असतं, कुणाला नसतं. आग्रिपिना एकतीस वर्षं ते रोज पाहत आली होती.

टेक्लाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर आलेली होती.

चुकीचं लावलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच गेलं. बटण चुकीच्या काजात घालता येतं, पण चुकीच्या अंगाला कसं घालणार? तिथं काजच नसतं. हिच्या तिथं होतं. पाचही होती. तिसऱ्या काजात आग्रिपिनाचा त्या दिवशी एक टाका निसटला होता, सुपरवायझर ओरडली होती. तो निसटलेला टाका तिथं होता, पण डाव्या अंगाला.

“टेक्ले, हा कोट नवा घेतलास का?”

“हा? तुझ्याच हातचा की.” टेक्ला हसली आणि पुढं उतरत गेली, हलक्या पावलानं. मधेच तिचा गुडघा लचकला. तिनं उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

आग्रिपिना पायरीवर उभी राहिली. आपण अडुसष्टच्या आहोत, रात्री झोप नाही, सकाळी नुसती कॉफी. माणसाला भास होतात. पण काजाच्या बाबतीत आपल्याला भास होईल, हे मात्र तिला पटेना.

४

तिथून देवळात. आत मेणाचा आणि उदाचा वास. तिघींनी मेणबत्त्या लावल्या. आग्रिपिनानं क्रूस केला, कपाळ, पोट, उजवा खांदा, मग डावा, हात आपोआप फिरला. शेजारी टेक्ला क्रूस करत होती, डाव्या हातानं. आधी डावा खांदा.

मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीनं ते पाहिलं आणि डोळे वटारले. “हे काय गं बाई? कुठली तू?”

“इथलीच,” टेक्ला गोड आवाजात म्हणाली.

“इथली म्हणे. लहानपणी कुणी शिकवलं नाही का?”

आग्रिपिनाला म्हातारीचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. दुसऱ्या कुणाला तरी दिसलं होतं. तिनं दोकियाला खांबाआड ओढलं.

“तू पाहिलंस?”

“काय?”

“टेक्लानं क्रूस कुठल्या हातानं केला?”

“मी माझा केला,” दोकिया म्हणाली. “दुसऱ्याचे क्रूस मोजायला मी पाद्री आहे का?”

“तिच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे होता ना? आता उजवीकडे आहे.”

दोकियानं चष्मा वर केला, खाली केला. “तीळ होता का?”

“इतकी वर्षं एका खोलीत निजलीस ना गं तिच्याबरोबर!”

“निजले होते, ग्रिपे. डोळे मिटून.”

बाजारात त्यांनी सारण भरलेल्या गरम पोळ्या, प्लाचिंता, खाल्ल्या, एकीत बटाटा, एकीत चीज, एकीत आंबट चेरी. टेक्लानं चेरीची घेतली. तिला चेरीची आवडते हे खरंच होतं. ती बोलत होती तेही सगळं खरं होतं. खोलीतल्या शेगडीचं, पावणेसहाच्या पाळीचं, दोकियाच्या नवऱ्यानं नाल्यात हरवलेल्या सायकलचं. एक गोष्ट चुकत नव्हती. फक्त तिचा रुमाल, तिचा घास, तिची मान वळायची ती, सगळं दुसऱ्या बाजूनं. आणि दुकानावरच्या पाट्यांकडे बघताना तिचे डोळे बारीक होत होते. ओळखीच्या गल्लीतही ती दर कोपऱ्यावर उलट्या बाजूला वळायची, मग बाकीच्या वळल्या की हसत परत यायची.

बटणावर मात्र तिनं दिवसभरात एकदाही टक टक केलं नव्हतं.

५

बागेत बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बाकावर बसल्या तेव्हा दीड वाजला होता. टेक्लानं पिशवीतून टोपी काढली आणि मांडीवर ठेवून कुरवाळू लागली. “उद्या दुपारी हातात येईल पोर,” ती म्हणाली. “लेक म्हणाली, आई, तू आलीस की मी पहिल्यांदा झोपेन. दोन दिवस झोपेन. तूच बघ तिच्याकडे.”

आग्रिपिनानं त्या टोपीकडे पाहिलं. बटणं, तीळ, क्रूस हे सगळं तोवर कोडं होतं. आता त्या कोड्याला आठ दिवसांचं तोंड फुटलं. लेक तापात झोपणार, आणि पोर कुणाच्या हातात देणार?

“टेक्ले, ये, मला मिठी मार एकदा,” ती म्हणाली. “नंतर बसपाशी गर्दी असेल.”

टेक्ला उठली आणि मिठीत आली. तिच्या अंगाला टेक्लाचाच वास होता, साबणाचा आणि वाफेच्या इस्त्रीचा. आग्रिपिनानं डोळे मिटले. मिठीत दोघींची काळजं दोन वेगळ्या बाजूंना राहतात, आपलं इकडे आणि समोरच्याचं तिकडे. पोटच्या लेकराला, नवऱ्याला, मैत्रिणीला मिठी मारताना आग्रिपिनाला हे कधी जाणवलंही नव्हतं. आता जाणवलं, कारण या मिठीत दोन्ही काळजं एकाच जागी ठोकत होती, एकमेकांवर, जसं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी कुणी दार वाजवावं.

आग्रिपिना मागं झाली नाही. तिनं हळूच विचारलं, “सकाळी वर इतका वेळ काय करत होतीस?”

“बसले होते. तू ऊठ म्हणालीस, मी उठले.”

“आणि आत कोण राहिलं?”

टेक्लानं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. “तू एकच शब्द दिलास, ग्रिपे. तोही खालून. बसलेल्या किती आहेत हे वर येऊन बघितलं नाहीस.”

असं म्हणाली, आणि लांब होऊन पुन्हा टोपी कुरवाळू लागली. दोकिया बुद्धिबळवाल्याला सांगत होती की तुझा घोडा मेला, आणि तो म्हणत होता, बाई, तो उंट आहे.

६

आग्रिपिनाला घाबरायची सवय नव्हती. सुपरवायझरला ती घाबरली नाही, नवऱ्याच्या दारूला घाबरली नाही. चूक आपली होती. शब्द देणारीनं बसलेल्यांत बसायचं असतं, त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं. तिनं घाईत जिन्याच्या तळाशी उभं राहून हाळी दिली होती. काज चुकलं तर उसवून पुन्हा करायचं, एवढंच तिला माहीत होतं.

“मी तुझ्या घरचा गॅस बंद केला की नाही, आठवत नाही,” ती उठत म्हणाली. “कॉफी मीच केली होती. बघून येते. तुम्ही बसथांब्यावर जा.”

“बंद होता गॅस,” टेक्ला म्हणाली.

“बघून येते.”

“परत गेलेलं चांगलं नसतं, ग्रिपे.” आवाजात धमकी नव्हती. काळजीच होती, म्हणून ती जास्त वाईट वाटली.

“मी आरशात बघीन की,” आग्रिपिना म्हणाली, आणि अंगुस्तान बाकाच्या लोखंडावर वाजवलं.

ट्रॉलीबसनं ती वीस मिनिटांत पोचली. जिन्यात कोबीच्या साराचा वास, खालच्या मजल्यावर रेडिओ. भर दुपार होती, जिन्याच्या खिडकीतून ऊन आत पडलं होतं. तिनं किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

घर शांत होतं. चादरी घातलेलं सामान, वाळलेल्या टोपीच्या लोकरीचा वास. आरशासमोर सकाळचं स्टूल होतं, रिकामं. भिंतीला बूट काढायचा बाकडा.

आणि आरशावर चादर होती.

सकाळी तिनं स्वतः घडी घालून ती कपाटात ठेवली होती. कपाट उघडून पाहिलं. जागा रिकामी. आता चादर आरशावर होती, चारी कोपरे नीट ओढून, खाली गाठ मारून. मेलेल्या माणसाच्या घरात मारतात तशी.

आग्रिपिना दाराशी उभी राहिली आणि कान दिला. रेडिओ. पाइपातलं पाणी. आणि त्याखाली, अगदी जवळून, एक बारीक आवाज.

टक. टक. टक.

लोकरीच्या कोटाच्या बटणावर नख.

७

तिनं गाठ सोडली आणि चादर वरून नाही, खालून उचलली. गुडघ्यांपर्यंत. मग कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत, आणि तिथं हात थांबवला.

आरशात तिचे स्वतःचे पाय होते, तिचा तपकिरी कोट होता. आरशात कोट उलटा दिसतो, तिचा उलटा दिसत होता, ते बरोबर होतं. आणि आरशातल्या स्टुलावर, जे खोलीत तिच्या शेजारी रिकामं होतं, त्यावर कुणी बसलं होतं. हिरवा कोट. मांडीवर पांढरी टोपी. डावा गुडघा जरा पुढं, दुखऱ्या गुडघ्याला ठेवतात तसा. त्या कोटाची काजं आरशातसुद्धा सुलटी होती, समोर बसलेल्या माणसाची दिसावी तशी. आणि नख बटणावर पडत होतं.

चेहरा तिनं पाहिला नाही. पाहण्याची गरज नव्हती.

“टेक्ले,” ती म्हणाली.

टकटक थांबली.

“बस हं. उठू नकोस अजून.” उठणार नाही हे तिला माहीत होतं. टेक्ला शब्दाशिवाय कधी उठायची नाही. सकाळी नऊपासून बसली होती बिचारी, मान ताठ, तोंड बंद, थोरली शब्द देईल म्हणून.

आग्रिपिनानं उभ्या उभ्या शब्द दिला. काही झालं नाही. थोड्या वेळानं टक टक पुन्हा सुरू झाली. उभ्यानं चालत नाही हे उघडच होतं. नियम म्हणजे नियम.

ती बाकड्यावर बसणार, इतक्यात तिच्या मनानं तिला धरलं. हिशेब सोपा होता. शब्द एकच. आणि ती बसली की बसलेल्या तिघी होणार. आरशाबाहेर एक, आरशात दोघी. सकाळीही असंच झालं. टेक्ला बसली तेव्हा आरशातही एक बसली, आणि खालून शब्द आला तेव्हा जी आधी उठली ती निघून गेली. टेक्लाचा गुडघा दुखरा, ती उठायला नेहमीच उशीर करते.

‘पण मी काय टेक्ला आहे?’ आग्रिपिनानं स्वतःला विचारलं. ‘सबंध कारखान्यात घंटा झाल्यावर माझ्याआधी कोण उठलंय?’ शिवाय शब्द तिच्याच तोंडात होता. तो कधी सुटणार, हे तिच्याआधी कुणाला कळणार?

घड्याळात तीनला दहा मिनिटं होती. चारला बस होती. उद्या दुपारी पोर हातात येणार होतं.

ती बाकड्यावर बसली. चादर तिनं पूर्ण काढली, पण नजर जमिनीवर ठेवली. तिला आरशाच्या खालच्या कडेत चार बूट दिसत होते, दोन टेक्लाचे आणि दोन तिचे. तिनं टाच घट्ट रोवली. आरशातल्या तिनंही रोवली, तितक्याच घट्ट, त्याच क्षणी. ती पुढं झुकली. तीही पुढं झुकली. आग्रिपिनाच्या मनात आलं की तिच्याइतकं चपळ जगात दुसरं कुणी नाही, फक्त ही एक आहे.

मग तिनं शब्द दिला.

“चला, देवाच्या नावानं!”

स्टूल करकरलं. बाकडा वाजला.

८

ती उठली तेव्हा खोली रिकामी होती, आणि तिला हसू आलं. जिंकलो आपण, असं तिला वाटलं. आरशाकडे न बघता तिनं चादर घातली, चारी कोपरे ओढले आणि खाली गाठ मारली. दार लावलं.

जिना उतरताना कठड्यासाठी तिचा हात दोनदा हवेत गेला. कठडा दुसऱ्या बाजूला होता. वय झालं, ती म्हणाली. थांब्यावर ती रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि दोन ट्रॉलीबस समोरून निघून गेल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं. गाडीच्या पाटीवरची अक्षरं चटकन लागेनात. दमलोय आपण. सकाळपासून पायऱ्या काय थोड्या उतरलो?

बसथांब्यावर पोचली तेव्हा चारला सात मिनिटं होती. दोकिया हात हलवत धावत आली.

“कुठं होतीस गं! ही बघ, हिला काय झालंय. मघाशी हात धुवायला म्हणून आत आरशापाशी गेली ती अर्धा तास बाहेरच येईना. आली ती रडतच. अंग बघ बर्फासारखं.”

टेक्ला बसच्या पायरीशी उभी होती. टोपी मुठीत आवळलेली. नख तिसऱ्या बटणावर, टक टक टक. आग्रिपिनाची नजर आधी कोटावर गेली. हा कोट तिला पुन्हा उलटाच वाटला, डोळ्यांना कसंतरी झालं. पण काजं उजव्या अंगाला होती, हे तिनं बोटानं चाचपून पाहिलं. उजवी बाजू डावीवर. निसटलेला टाका जागच्या जागी.

“किती वेळ बसवलंस मला,” टेक्ला म्हणाली. दात वाजत होते. “मला तुमचे आवाज येत होते. खाली टॅक्सी गेली तेही ऐकलं. पण शब्द नव्हता ना गं.”

“चुकलं माझं. आता नीट झालं.”

“झालं ना?”

“मी केलं म्हणजे झालंच.”

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. “आज्जीबाई, इटली काय इथं येणार आहे का? चढा!”

टेक्ला रडत रडत तिच्या गळ्यात पडली. साबणाचा वास, इस्त्रीचा वास. आग्रिपिनानं तिला घट्ट धरलं.

दोन्ही काळजं एकाच जागी ठोकत होती. एकमेकांवर.

टेक्लाचं रडं थांबलं. ती सावकाश मागं झाली. तिनं आग्रिपिनाच्या तपकिरी कोटाकडे पाहिलं. एकतीस वर्षं तिनं कोटांना इस्त्री केली होती, कोणती बाजू वर येते हे तिला माहीत होतं. तिचं नख बटणावर तसंच राहिलं.

“ग्रिपे,” ती म्हणाली. “तू वर बसली होतीस का?”

“चढ,” आग्रिपिना म्हणाली. “पोर वाट बघतंय.” आणि तिला वर ढकललं. दोन्ही हातांनी, पण डाव्यात जोर जास्त होता.

बस निघाली. टेक्ला मागच्या काचेशी आली आणि बस वळेपर्यंत बघत राहिली. हात हलवत नव्हती. नुसती बघत होती.

“रडून रडून जाईल बाई,” दोकिया नाक पुसत म्हणाली. “चल, माझी गाडी सहाची आहे. अगं इकडे, ग्रिपे! तिकडे कुठं चाललीस?”

९

टेक्लाची चिठ्ठी महिन्याभरानं आली. लेकीचा ताप उतरला, पोर बाळसं धरतंय, टोपी अगदी मापात बसली. खाली तिनं लिहिलं होतं, कोट कसा आहे? एवढंच. आग्रिपिनाला ती चिठ्ठी वाचायला सबंध सकाळ लागली.

कोट ठीक होता. ज्या दिवशी बस गेली त्याच संध्याकाळी तिनं तो मांडीवर घेतला होता. तिची जुनी कात्री डाव्या हातात बसेना, म्हणून ब्लेडनं बटणं काढली, जुनी काजं बुजवली आणि दुसऱ्या अंगाला नवी केली. पाच काजं, एका बैठकीत. दोकियानं ती पाहिली असती तरी तिला फरक दिसला नसता, आणि टेक्ला लांब होती. हात तोच होता. टाका तसाच बारीक पडत होता.

दर शनिवारी ती टेक्लाच्या घरी जाते. खिडक्या उघडते, झाडांना पाणी घालते, चादरी झटकते. दाराजवळची मात्र झटकत नाही. त्या बाजूनं जाताना आतून आवाज येतो. बारीक, कोरडा, एकसारखा. काचेवर अंगुस्तान.

ठण्ण. ठण्ण.

आत जी बसली आहे ती फार तालेवार बाई आहे, फार चपळ. शब्द आला तर कुणाच्याही आधी उठेल. आणि शब्द देऊ शकेल अशी थोरली आता शहरात एकच उरली आहे. तिला तो शब्द पाठ आहे. जिभेवर आहे.

आग्रिपिना झारी जागेवर ठेवते, कोटाचं वरचं बटण लावते आणि दार ओढून घ्यायच्या आधी चादरीकडे वळून मायेनं म्हणते, “बस हं बाई. अजून वेळ आहे.”